सूक्ष्मतरंग-परिपथांचे गणित व त्याची कसोटी

सूक्ष्मतरंग-परिपथाच्या समीकरणांचे उत्तर मिळाले, एवढ्याने ते यथार्थ ठरत नाही. त्याची प्रचीती कशी घ्यावयाची, हा प्रश्न या शास्त्राइतकाच जुना आहे.

१९४० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्थापन झालेल्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडारच्या गरजेतून वेव्हगाइडांचे गणित विकसित झाले. ज्यूलियन श्विंगर यांनी तेथे वापरलेल्या व्हेरिएशनल पद्धतीने काही प्रश्नांत इष्ट राशीच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही मर्यादा काढता येत. खरे उत्तर त्यांच्या दरम्यानच असले पाहिजे, हे निश्चित होई. नेथन मार्कुविट्झ यांच्या ‘वेव्हगाइड हँडबुक’ (१९५१) या ग्रंथात तर सूत्रांबरोबर त्यांच्या अचूकतेचा अंदाजही दिलेला आढळतो.

पुढे संगणक आला. यी यांची १९६६ मधील पद्धती व हॅरिंग्टन यांचा १९६८ मधील ग्रंथ यांमुळे वाटेल त्या आकाराचे गणित शक्य झाले. परंतु मर्यादांची ती हमी सामान्यतः उरली नाही. मग तीन कसोट्या रूढ झाल्या. पहिली शक्तीच्या अक्षय्यतेची. पण काही पद्धतींत उत्तर चुकले तरी शक्तीचा ताळेबंद जुळतोच, असे अमिताय व गॅलिंडो यांनी १९६९ साली दाखविले. दुसरी, पदे वाढविता उत्तर स्थिरावते काय, ही; परंतु पदसंख्यांचे प्रमाण चुकल्यास ते अयोग्य मूल्यावरही स्थिरावू शकते, हे मित्रा यांच्या १९६३ च्या विवेचनातून स्पष्ट झाले होते. तिसरी प्रत्यक्ष मापनाची. पण तीत घडणीतील व मापनातील दोष मिसळतात आणि दोन चुका परस्परांना झाकतात.

या अडचणीतून जेम्स राउशियो यांनी १९९४ साली वेगळा मार्ग सुचविला. शून्य जाडीच्या स्ट्रिपलाइनचे उत्तर विवृत्तीय संकलांनी अचूक मिळते. हवेत पट्टीची रुंदी व भूपृष्ठांमधील अंतर यांचे गुणोत्तर १.४४२३८९६ असता इंपीडन्स ५० ओहम येतो. अशी पाव तरंगलांबीची पट्टी संगणकास दिली, की ५० ओहमच्या संदर्भाने परावर्तन शून्य यावयास हवे. ते ०.०१ आले, तर इंपीडन्समध्ये सुमारे १ टक्का चूक आहे. आणि पारगमनाची कला ९० अंशांपासून ०.९ अंशाने ढळली, तर वेगातही तेवढीच.

अर्थात सरळ पट्टीवर उतरलेली पद्धती वळणावर वा सांध्यावर खरी ठरेलच असे नाही. तथापि चुकीचे माप हाती आले, हा लाभ लहान नव्हे. श्विंगर यांच्या काळी उत्तराबरोबरच त्याच्या विश्वसनीयतेचा पुरावा मिळत असे. संगणकाच्या युगात तो स्वतंत्रपणे मिळवावा लागतो.