पडद्यावरचं महाड

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, तेव्हा सिनेमा अजून यायचा होता. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा. रामायण-महाभारतातले प्रसंग एकामागून एक सरकत आणि बाजूला उभं राहून कुणीतरी गोष्ट सांगे. आपल्याकडच्या स्लाइडशोचा इतिहास मी इथून धरतो. हल्लीची मुलं लॅपटॉपवर फोटो लावतात, गाणं जोडतात आणि उठून चहाला जातात. त्यांना हे सांगितलं की हसतात. हसू देत.

माझा धंदा फोटोचा, महाडच्या बाजारपेठेत. स्टुडिओ वडिलांनी काढला. लाल दिव्याची खोली, हायपोचा वास आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण बुजवायचं रिटचिंग, हे सगळं मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर लग्न असलं की १२० चा रोल घेऊन एसटीने जायचं. रोलमध्ये फोटो बाराच, म्हणून बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. माझी निवड करायची सवय तिथली.

पुढे स्लाइड आल्या. ३५ मिलिमीटरची पारदर्शक फिल्म, दोन इंची चौकोनी चौकटीत बसवलेली. कोडॅकचा गोल तबकडीचा ‘कॅरोसेल’ १९६१ पासून बाजारात होता आणि त्यात एका वेळी ऐंशी स्लाइड बसायच्या. आमच्याकडे मात्र हाताने सरकवायचा प्रोजेक्टर. स्लाइड आत घालायची ती उलटी, डोकं खाली. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात शाईचा ठिपका द्यायचा आणि अंगठा त्यावर ठेवूनच ती उचलायची. अंधारात तोच आधार. ठिपका चुकला की रायगडाचा महादरवाजा पायावर नाही, डोक्यावर उभा राही आणि सभामंडपात हशा पिकायचा.

पोलादपूर तालुक्यातली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर चाललेली. चाकरमानी शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येत. मग ग्रामस्थ मंडळाचा निरोप येई, ‘भाऊ, पडदा घेऊन या.’ पडदा म्हणजे धुतलेलं धोतर. पालखी, लावणी, नवी विहीर, उमरठला नरवीर तानाजींच्या समाधीवर जमलेली माणसं, असं काय काय दाखवायचो. बोलायला मला फार लागत नसे. एखादी म्हातारीच मध्ये ओरडायची, ‘आरं, ह्यो तर आमचा थोरला!’

कोडॅकने २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणं बंद केलं. तोवर संगणक आले होते. पॉवरपॉइंट तर १९८७ चं. लग्नवाले करिज्मा अल्बमकडे वळले, मीही वळलो. पोट सगळ्यांना असतं.

मग २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी नद्या शहरात शिरल्या आणि माझ्या दुकानाच्या पाटीपर्यंत पाणी चढलं. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला, त्यामुळे निगेटिव्हसाठी रडायची मला लाज वाटली. पण सांगण्यासारखं एक आहे. भिजलेल्या निगेटिव्ह वाळू द्यायच्या नाहीत. वाळल्या की जिलेटिन एकमेकींना चिकटतं आणि ओढलं की चित्र सालीसारखं निघतं. स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवून एकेक हलक्या हाताने सोडवायची. जेवढ्या सुटल्या, तेवढ्या मी स्कॅन केल्या. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४०० डीपीआयला घेतली की रुंदीत साधारण ३४०० पिक्सेल मिळतात आणि साध्या एचडी पडद्याला १९२० लागतात. घरच्या पडद्यासाठी त्याहून मोठ्या फाइली करण्यात अर्थ नाही.

त्यातूनच माझा स्लाइडशो उभा राहिला. चांगल्या फोटोंपेक्षा कामाचे फोटो निवडायचे, हे ठरायला वेळ गेला. एक गृहस्थ नव्या जीपला टेकून उभे आहेत. फोटो काढला तो जीपचा. मागे सावित्रीवरचा जुना दगडी पूल आपसूक आला, कमानींसकट. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल वाहून गेला, दोन एसटी बस आणि त्यांतली माणसं घेऊन. आता पडद्यावर जीपकडे कुणी पाहत नाही. तसंच चवदार तळ्याचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्यायलं, त्या घटकेचा फोटो आमच्या स्टुडिओत कधी नव्हता. माझ्याकडे आहेत ते दर २० मार्चला लोटणाऱ्या गर्दीचे: पांढरी लुगडी, निळे झेंडे, वडिलांच्या खांद्यावरची पोरं. ते मी सलग लावलेत, वर्षांच्या क्रमाने, आणि मध्ये दुसरं काही घातलेलं नाही.

गाणं लावलेलं नाही. फोटो आपोआप सरकायची सोयही बंद ठेवली. पुढचा फोटो मी बटण दाबेन तेव्हाच येईल, कारण मधली जागा बघणाऱ्यांच्या बोलण्यासाठी आहे.

तुमच्या ट्रंकेत जुने फोटो असतील, तर एक करा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापुढे ते पसरा आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलने गाव, साल आणि नावं लिहून घ्या. स्कॅनिंग नंतर केलं तरी चालेल.