महाकाय प्राण्याचे वजन : 'गोजिरा' ते 'गॉडझिला मायनस वन'

अवाढव्य प्राण्याने शहरे तुडवण्याच्या ज्या चित्रपटांना जपानमध्ये 'काइजू' चित्रपट म्हणतात, त्यांची परंपरा ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेल्या तोहो कंपनीच्या 'गोजिरा'ने पक्की केली. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी येथे केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, तिच्यावरील २३ जण आजारी पडले आणि सप्टेंबरमध्ये नौकेचा रेडिओचालक दगावला. त्यामुळे समुद्रातल्या झगझगीत प्रकाशात नौका पेटून बुडते, हे इशिरो होंडा यांच्या या चित्रपटाच्या आरंभीचे दृश्य त्या काळच्या जपानी प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

दृश्यपरिणामांची जबाबदारी असलेल्या एइजी त्सुबुराया यांच्यासमोर १९३३च्या 'किंग काँग'चा आदर्श होता. तथापि त्यातील स्टॉप-मोशनचे तंत्र, म्हणजे बाहुली किंचित किंचित हलवून प्रत्येक चौकट वेगळी टिपण्याची पद्धत, वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी परवडणारी नव्हती. म्हणून रबरी पोशाखातील नट टोकियोच्या छोट्या प्रतिकृतींमधून चालवायचा आणि कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने फिरवायचा, असा मार्ग निघाला. असे चित्रण नेहमीच्या गतीने दाखवले की हालचाल मंदावते आणि हातभर उंचीची भिंतही प्रचंड इमारतीसारखी सावकाश कोसळते. पोशाख घालणारे हारुओ नाकाजिमा यांना सुमारे १०० किलो वजनाच्या पहिल्या पोशाखात धड चालताही येईना, म्हणून पुढे हलका पोशाख करावा लागला. साधनांच्या या तोकडेपणातूनच त्या प्राण्याच्या चालीला जडपणा आला. आणि होंडा यांनी विध्वंसानंतर कॅमेरा रुग्णालयात नेऊन एका लहान मुलावर धरलेले किरणोत्सर्गमापक यंत्र दाखवल्यामुळे त्या जडपणाला नैतिक अर्थही लाभला.

संगणकनिर्मित प्रतिमांनी ही साधने मागे सारली, तेव्हा आकाराचे बंधन सुटले. गॅरेथ एडवर्ड्स यांच्या २०१४च्या हॉलिवूडपटात मूळचा सुमारे ५० मीटर उंचीचा गॉडझिला दुपटीहून उंच झाला. या चित्रपटाचे मोठे बळ संयमात आहे. प्राणी बराच वेळ अर्धवटच दिसतो, आणि धुराने भरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोवर सैनिक उड्या घेतात तेव्हा त्याची भव्यता माणसाच्या उंचीवरून अनुभवास येते. मात्र तीव्र पत्नीशोक उराशी बाळगणारा अभियंता कथेतून लवकर नाहीसा होतो आणि उरलेला सैनिक नायक एका घटनास्थळाकडून दुसऱ्याकडे जाण्यापलीकडे फारसा घडत नाही. त्याहून गंभीर दोष असा की, प्रशांत महासागरातील अणुचाचण्या म्हणजे या प्राण्याला मारण्याचे प्रयत्न होते, असे सांगून ही कथा मूळ चित्रपटाने मांडलेला मानवी अपराधच पुसून टाकते.

ताकाशी यामाझाकी यांच्या २०२३च्या 'गॉडझिला मायनस वन'ने मात्र तो धागा पुन्हा हाती घेतला. सुमारे ३५ जणांच्या चमूने केलेल्या दृश्यपरिणामांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. पण त्यांची खरी किंमत कळते ती कथेमुळे, कारण आत्मघातकी हल्ल्यातून जीव वाचवून परतलेल्या वैमानिकाची अपराधी भावना प्राण्याच्या प्रत्येक आगमनाबरोबर वाढत जाते आणि गिन्झा भागातील स्फोटानंतर पडणारा काळा पाऊस हिरोशिमाची आठवण जागी करतो. तरीही त्या स्फोटात उडून गेलेली नायिका अखेरीस रुग्णालयात जिवंत भेटते, तेव्हा विध्वंसाने मागितलेली किंमत बरीच उतरते. शिवाय जपानी सैन्याने इतर आशियाई देशांत जे केले, त्याचा विचार या युद्धोत्तर कथेला शिवतही नाही.

पोशाखातून संगणकाकडे झालेल्या या प्रवासात तंत्राने जे कमावले ते निर्विवाद मोठे आहे, आणि जुन्या रबराचा केवळ हळवेपणाने गौरव करण्याचे कारण नाही. परंतु महाकाय प्राण्याचे वजन त्याच्या उंचीने ठरत नाही. तो ज्यांच्या अंगावर कोसळतो त्यांचे पुढे काय झाले, आणि त्याला जागे करण्यात कोणाचा हात होता, हे दोन प्रश्न चित्रपट किती प्रामाणिकपणे विचारतो, यावर ते ठरते.