मुखपेशी-परीक्षा

तोंडाच्या आतील अस्तरावरच्या पेशी खरवडून, काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत. तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्यांच्या तोंडात कर्करोग होण्यापूर्वीचे पेशीबदल हेरण्यासाठी ती वापरतात.

कुठे खरवडायचे, हे बहुधा सवयच सांगते. तंबाखूचा बार ज्या जागी धरला जातो तेथील अस्तर, म्हणजे खालच्या ओठाची वा गालाची आतली बाजू, जाड, सुरकुतलेले आणि पांढुरके होते. लाकडी पट्टीने किंवा ताठ ब्रशने पेशी घेऊन त्या लगेच अल्कोहोलमध्ये स्थिर करतात व पापानिकोलाऊ पद्धतीने रंगवतात. बिघडू लागलेल्या पेशीचे केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे दिसते. भोवतालचा पेशीद्रव त्या मानाने कमी. काही पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी चिमुकले सूक्ष्मकेंद्रक आढळते. ते म्हणजे पेशीविभाजनाच्या वेळी मागे राहिलेले गुणसूत्र किंवा त्याचा तुकडा. विभाजन अस्तराच्या तळाशी होते आणि तेथल्या पेशी पृष्ठभागावर यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून काचपट्टीवर दिसते ती तितक्या आठवड्यांपूर्वीची इजा.

पद्धतीची उणीवही तळाशीच आहे. बिघाड खालच्या थरांत सुरू होतो, खरवड मात्र वरवरची. जाड पांढऱ्या चट्ट्यावरून अनेकदा निर्जीव पेशीच हाती लागतात आणि अहवाल फसवा निर्दोष येतो. पक्के निदान अस्तराचा तुकडा काढून तपासल्यावरच होते. मखमली लाल चट्टा पांढऱ्याहून घातक. तेथे खरवडीत वेळ घालवू नये.

तपासणीने मृत्यू कमी झाल्याचा पुरावा मात्र खरवडीहून साध्या पद्धतीचा आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसते तोंड उघडून पाहिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्या गटात मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यांपैकी भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका तपासणीतून सहज निसटतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्यांचे ‘नाही’ हे उत्तर त्यांच्या लेखी खरेच असते. तेथे ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे लागते.