क्लोराइडचा नकाशा आणि 'एक काय ते ठरवा'

सिनॉप्सिस मांडताना समितीतल्या एका सरांनी मला विचारलं होतं, "मॅडम, ही केमिस्ट्री आहे की समाजशास्त्र? एक काय ते ठरवा." मी समुद्राजवळच्या गावांतल्या विहिरींचं पाणी तपासते आणि त्याच घरांतल्या पोटाच्या आजारांची माहितीही गोळा करते. तुमच्यापैकी ज्यांना आंतरविद्याशाखीय विषय घ्यायचाय, त्यांच्यापुढे हा प्रश्न येणारच. त्याचं मूळ शोधताना मला भेटल्या एलेन स्वॅलो रिचर्ड्स. त्याही केमिस्टच.

जन्म १८४२, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. व्हासार कॉलेजातून पदवी घेऊन बाई एमआयटीत गेल्या (पुण्यातली नव्हे, तेव्हा बोस्टनमध्ये असलेली). तिथे प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. फी माफ झाली, तेव्हा त्यांना वाटलं आपली गरिबी बघून केली. कारण वेगळंच होतं. कुणी आक्षेप घेतलाच तर 'ही आमची विद्यार्थिनीच नाही' म्हणता यावं, म्हणून फी घेतली नव्हती! १८७३ मध्ये बी.एस. मिळाली. डॉक्टरेट मात्र एमआयटीने त्यांना कधीच दिली नाही.

आता मुद्द्याचं. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाने राज्यभरातलं पाणी तपासायला घेतलं. प्रमुख होते थॉमस ड्राउन, पण प्रयोगशाळेतला भार एलेनबाईंवर. हजारो नमुने तपासले गेले आणि त्यातून क्लोराइडचा नकाशा तयार झाला. तुम्ही सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन केलं असेल, तर क्लोराइड मोजणं किती साधं ते तुम्हाला माहीत आहे. खरी बुद्धी लागली ती आकड्यांचा अर्थ लावायला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापावसाबरोबर मीठ जमिनीवर उतरतं, म्हणून किनाऱ्याजवळ नैसर्गिक क्लोराइड जास्त आणि आत जावं तसं कमी. सारखं क्लोराइड असलेली ठिकाणं जोडली की किनाऱ्याला साधारण समांतर रेषा मिळतात. मग एखाद्या विहिरीत त्या भागातल्या रेषेपेक्षा जास्त क्लोराइड दिसलं तर? माणसाच्या लघवीत मीठ असतं, सांडपाण्यातही असतं. म्हणजे वस्तीची घाण तिथवर पोचल्याची शंका घ्यायची.

बघा, एका आकड्यात समुद्र, पाऊस, जमीन आणि शेजाऱ्याचा संडास. यात केमिस्ट्री कुठे संपते, सांगा.

बाई तिथेच थांबल्या नाहीत. १८९० मध्ये मेरी हिनमन एबल यांच्याबरोबर त्यांनी बोस्टनमध्ये 'न्यू इंग्लंड किचन' उघडलं. पोषणाचा हिशेब करून शिजवलेलं स्वस्त अन्न तिथे विकत मिळायचं. (स्थलांतरितांना ते बेचव जेवण फारसं रुचलं नाही. शास्त्र बरोबर असलं तरी फोडणी लागतेच.) १८९२ मध्ये हवा-पाणी-अन्न-घर या सगळ्याच्या अभ्यासाला त्यांनी 'ओइकॉलॉजी' हे नाव सुचवलं. मूळ शब्द हेकेल यांचा, १८६६ चा. 'ओइकोस' म्हणजे घर. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'इकॉलॉजी' हा शब्द आपल्या अभ्यासासाठी पक्का केला. १८९९ च्या लेक प्लॅसिड परिषदेत बाईंच्या विषयाला नाव मिळालं 'होम इकॉनॉमिक्स'. १९०७ च्या पुस्तकात त्यांनी 'मानवी परिसरशास्त्र' या अर्थाचा शब्द पुन्हा वापरला, पण तोवर वाटणी झाली होती. रान विज्ञानाकडे, घर बायकांकडे.

१९११ मध्ये बाई गेल्या. १९२४ मध्ये व्हासारने त्यांच्याच 'युथेनिक्स' या संकल्पनेवर, म्हणजे परिस्थिती सुधारून माणसाचं जगणं सुधारण्याच्या अभ्यासावर, पदवीचा विषय सुरू केला. रसायन, जीव, समाज, सगळं एकत्र. तिथल्याच काही प्राध्यापकांनी नाकं मुरडली. १९६९ मध्ये कॉर्नेलच्या होम इकॉनॉमिक्स कॉलेजचं नाव 'ह्यूमन इकॉलॉजी' झालं. त्याच वर्षी मेन राज्यात कॉलेज ऑफ द अटलांटिक स्थापन झालं. तिथे पदवी एकाच विषयाची, तीही ह्यूमन इकॉलॉजीची. आणि हे नवीन म्हणून गाजलं!

माझ्या मते हा विषय कच्चा होता म्हणून बाजूला पडला नाही. तो मांडणारी व्यक्ती प्रयोगशाळेच्या कुठल्या दारातून आत आली होती, त्यावर बरंच ठरलं. आपल्याकडेही होम सायन्स म्हटलं की लोक अजून 'मुलींचं' म्हणून हसतात. नेटच्या यादीत होम सायन्स आणि पर्यावरणशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत. आंतरविद्याशाखीय पीएचडी घेण्याआधी ही यादी नीट वाचा. नोकरीच्या जाहिरातीत 'संबंधित विषय' याचा अर्थ कोण लावणार, तेही गाइडना आधीच विचारून घ्या.

त्या दिवशी सरांना मी 'केमिस्ट्री' म्हणून मोकळी झाले, कारण शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला असता. दुसऱ्या प्रकरणात आता माझ्या गावांचा क्लोराइडचा नकाशा आहे. बावीस विहिरी झाल्यात, समुद्राचं मीठ वजा करणं चालू आहे.