पेटीतली ठकी

पिशोर परिसरात आम्ही नवदीक्षित धर्मगुरू म्हणून प्रथम आलो, त्या काळातील ही गोष्ट. एका वृद्ध मातेच्या लुगड्यांच्या पेटीत आम्हांस लाकडी ठकी दिसली. एकाच ठोकळ्यातून कोरलेली, हात अंगालगत, डोळे टपोरे, लाल रंग बराचसा उडालेला. "ही संगं असली म्हंजी लेकीचा संसार नांदतो, फादर," माता म्हणाली. आम्ही ती चुलीत घालावयास सांगितले. तिने निमूट मान हलविली. ते मौन आम्हांस पुढे फार बोचले.

ठकी हे मुळात मुलींचे खेळणे. कित्येक घरांत ते मुलीचे लाडके नावही असे; राम गणेश गडकऱ्यांच्या लेखनातील उपवर ठकी वाचकांस आठवेलच. लाकूड कोरून रंगविण्याची कला आपल्याकडे सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी नावारूपास आणली. पांगाऱ्याचे हलके लाकूड त्यांच्या विशेष आवडीचे. खेळण्याचा शकुन कसा होतो, हे दक्षिणेत स्पष्ट दिसते. तेथे रक्तचंदनाच्या बाहुला-बाहुलीची जोडी नववधूबरोबर सासरी जाते आणि नवरात्रात मांडली जाते.

आमच्या कन्नड तालुक्यातही हा ध्यास जुनाच आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत डोक्यावर वाडगा घेतलेला, हसरा, बुटका यक्ष सापडला. तो पाषाणाचा आहे. सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. तो घडविणाऱ्या कान्हदासाने आपले नाव त्याच्या हातावर कोरले आहे. हा कान्हदास सोनार होता! यक्ष म्हणजे लोकमानसात धनाचा राखणदार. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाविकांची आणि आमच्या मातेची मागणी एकच, घर भरलेले राहो.

पवित्र शास्त्रही या बाबतीत मोकळे बोलते. राहेलने बापाच्या गृहमूर्ती चोरून उंटाच्या खोगिरात लपविल्या आणि त्यांवर बसून राहिली. पुढे याकोबाने घरच्यांकडील परक्या मूर्ती व कानांतील कुंडले मागून घेतली आणि शखेमजवळच्या झाडाखाली पुरली. आम्हांस मात्र थेट चूल सुचली!

आपल्या ख्रिस्तसभेने प्रतिमा नाकारल्या नाहीत. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो, असे निकाईयाच्या दुसऱ्या धर्मसभेने 787 मध्ये ठरविले. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये बजावले की, प्रतिमेत स्वतःची कोणतीही दैवी शक्ती नाही. तिच्याकडे काही मागू नये. हा दंडक ठकीला लागू, तसाच आपण मोटारीत टांगतो त्या संत ख्रिस्तोफरच्या पदकालाही. ते पदक चुलीत घाला, असे आम्ही कोणास कधी सांगितले नाही.

ती माता प्रभूघरी गेल्यानंतर तिच्या नातीचा विवाह आमच्याच हस्ते झाला. सासरी न्यावयाच्या पेटीवर आशीर्वाद मागण्यासाठी घरच्यांनी आम्हांस बोलावले. झाकण उघडले, तर लुगड्याखाली, जपमाळेशेजारी, ठकी होतीच. ही कशासाठी, असे आम्ही विचारले.

"आजीची आहे," नात म्हणाली.

आम्ही पेटीवर पवित्र पाणी शिंपडले आणि झाकण लावले.