कुलगुरू निवडताना विद्यार्थी कुठे असतो?

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपालांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या वर्षी उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचं ठरलं, १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांचं काम अडकलं आणि ३१ जुलैची मुदत उलटून गेली तरी निकाल लागायचेच होते. बोरिवली असो की मुलुंड, ज्यांना पुढचा प्रवेश घ्यायचा होता किंवा नोकरीवर रुजू व्हायचं होतं, ती मुलं कलिन्याला खेटे घालत होती.

त्या वेळी विद्यार्थ्यांचा संताप वरपर्यंत पोचला. मग एप्रिल २०१८ मध्ये सुहास पेडणेकर नवे कुलगुरू झाले. त्यांची निवड करणाऱ्या समितीत मात्र विद्यार्थी नव्हता, कारण कायद्यात त्याच्यासाठी जागाच नाही. हे असं का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. मुंबई प्रांताचा गव्हर्नर हाच कुलपती, आणि पहिले कुलगुरू होते सर विल्यम यार्डली, म्हणजे इथले मुख्य न्यायाधीश. कुलगुरू सरकारने नेमायचा, हे तेव्हापासून ठरलेलं. पहिला भारतीय कुलगुरू व्हायला १८९२ साल उजाडलं, ते काशिनाथ त्र्यंबक तेलंग. त्यांच्यानंतर आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर तर याच विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी. पुढे १९०४ च्या कायद्याने पदवीधरांना सिनेटवर काही जण निवडून पाठवायचा हक्क दिला. म्हणजे पदवी हातात पडली की मत मिळत होतं. शिकत असताना मात्र नाही.

जगात सगळीकडे असंच होतं का? नाही. बाराव्या-तेराव्या शतकातल्या बोलोन्यात विद्यार्थ्यांच्या संघटनाच आपला रेक्टर निवडायच्या आणि उशिरा येणाऱ्या प्राध्यापकांना दंड करायच्या! मुंबई विद्यापीठ सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, स्कॉटलंडसाठी झालेल्या कायद्याने एडिनबरोच्या विद्यार्थ्यांना रेक्टर निवडायचा हक्क मिळाला. हा रेक्टर रोजचा कारभार पाहत नाही, पण विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसतो. १९७२ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी एका विद्यार्थ्यालाच रेक्टर केलं. तो गॉर्डन ब्राउन, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. एकाच साम्राज्यात, एकाच दशकात, तिथल्या विद्यार्थ्याला मत आणि इथल्या विद्यार्थ्याला फक्त परीक्षा.

आता आजचा कायदा पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे कुलगुरूसाठी शोध समिती नेमली जाते. तिच्यात कुलपतींनी म्हणजे राज्यपालांनी नेमलेला अध्यक्ष, राज्य सरकारचा वरिष्ठ अधिकारी आणि एखाद्या राष्ट्रीय दर्जाच्या संस्थेचा प्रमुख असतो. या तिसऱ्याचं नाव विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद मिळून सुचवतात. समिती नावांची यादी देते आणि राज्यपाल त्यातलं एक निवडतात. नंतर यूजीसीच्या नियमांसाठी या रचनेत बदल झाले, पण विद्यार्थी आत आला नाही.

त्याच्यासाठी एक लांबचा रस्ता तेवढा आहे. कॉलेजचं विद्यार्थी मंडळ, तिथून विद्यापीठाचं मंडळ, तिथून सिनेट. पण या साखळीची पहिली कडीच तुटलेली आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेज निवडणुकांतली हिंसा हा तेव्हा मोठा प्रश्न होता. पुढे १९९४ च्या कायद्यात खुल्या निवडणुका गेल्या आणि मार्कांवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या खऱ्या, पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग करोना आला आणि विषय मागे पडला.

सिनेटच्या ज्या निवडणुकीच्या बातम्या आपल्या फोनवर येतात, ती पदवीधरांची. सप्टेंबर २०२४ मध्ये तीसुद्धा ऐनवेळी थांबवली गेली होती. उच्च न्यायालयाने सांगितल्यावर झाली आणि दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या. अंधेरीच्या कॉलेजात सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला त्यात मत नव्हतं.

कुलगुरू कोण निवडणार यावरून भांडण मात्र जोरात होतं. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं: समितीच्या यादीतली दोन नावं सरकारने निवडायची आणि राज्यपालांनी त्यातलं एक. विद्यापीठाचं राजकारण होईल म्हणून विरोधकांनी गदारोळ केला. राज्यपालांची संमती मिळाली नाही, पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि विधेयक मागे घ्यायचं ठरलं. अख्खी रस्सीखेच मंत्रालय आणि राजभवन यांच्यात. विद्यार्थी दोघांच्याही भाषणात होते, मसुद्यात नव्हते.

विद्यार्थ्यांना काय कळतं, असं कुणी म्हणेल. संशोधन किंवा प्रशासकीय अनुभव तोलणं त्यांचं काम नाही, हे मान्य. पण जाणकारांच्या समित्याही चुकतात. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने याच विद्यापीठाच्या शोध समितीला एका कुलगुरूंची पात्रता पुन्हा तपासायला लावली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय साधं बटणही हलवत नाही. परीक्षा, निकाल, हॉस्टेल, लायब्ररी हे सगळं रोज वापरणारा विद्यार्थी उमेदवाराला जे प्रश्न विचारेल, ते निवृत्त न्यायमूर्तींना सुचणार नाहीत. ‘निकाल ४५ दिवसांत कसे लावणार?’ हा प्रश्न २०१५ मध्ये कुणी कॉलेजच्या पोरांनी समोर बसून विचारला असता तर?

थेट मतदानाने कुलगुरू निवडा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर कॉलेजांच्या भिंतींवर पक्षांचेच फ्लेक्स लागतील. पण रखडलेल्या निवडणुका घेता येतात. निवडून आलेल्या विद्यार्थी अध्यक्षाला शोध समितीसमोर विद्यार्थ्यांचे प्रश्न लेखी मांडू देता येतात. यादीतल्या उमेदवारांनी कलिन्यात विद्यार्थ्यांसमोर आपला आराखडा मांडावा, असा नियमही करता येतो.

सध्याचे कुलगुरू रवींद्र कुलकर्णी यांची नेमणूक जून २०२३ मध्ये झाली आणि हे पद पाच वर्षांचं असतं. म्हणजे २०२८ मध्ये पुन्हा जाहिरात निघेल, पुन्हा समिती बसेल. तोवर निदान पहिली कडी तरी जोडून घ्यायला हवी.