काळा गिअर

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला काकांचा माळा आवरताना फडक्यात गुंडाळलेले दोन गिअर सापडले. माप एकच. एक मूळचा चकचकीत, पण आता गंजून त्याचे दात खाल्ले गेलेले. दुसरा कोळशासारखा काळा आणि दात मात्र शाबूत! दोघांना तेल एकाच डब्यातलं लावलं होतं म्हणे. "हा काळा आहे ना, याचा अख्खा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला होता. माल जुना दिसतो म्हणाला," काका हसत म्हणाले. काकू हसली नाही. त्या लॉटपायी तिची पाटली मोडली होती, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर त्या काळ्या रंगाच्या मागे लागलो. मुळात तो रंगच नाही, फॉस्फेटचा थर आहे. गिअरच्या दातांना रंग देऊन उपयोग नसतो. दातावर दात घासला की तो निघून जातो, आणि जाड बसला तर दातांमधली मोजूनमापून ठेवलेली फट बुजते. फॉस्फेटिंगची तऱ्हा वेगळी. लोखंड फॉस्फोरिक आम्लाच्या गरम द्रावणात बुडवलं की वरचं थोडं लोखंड विरघळतं. तिथलं आम्ल त्यात खर्ची पडतं आणि नेमक्या त्याच जागी फॉस्फेटचे स्फटिक धरतात. थर जेमतेम काही मायक्रॉनांचा. पण स्फटिकांच्या फटींत तेल मुरून राहतं. चकचकीत गिअरवरून ते ओघळून गेलं, काळ्यानं धरून ठेवलं. फरक एवढाच!

या विद्येची सुरुवात मोठी गमतीची आहे. १८६९ साली रॉस नावाच्या इंग्रजानं फॉस्फोरिक आम्लाच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, ते बायकांच्या कॉर्सेटमधल्या लोखंडी पट्ट्या गंजू नयेत म्हणून! पुढे १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉसलेटनं आम्लात आधीच लोखंडाचा कीस घालून पाहिला. त्यामुळे आम्ल वस्तूला फार न खाता तिच्यावर थर धरू लागलं. पण एकेक घाणा उकळायला दोन-अडीच तास लागत. १९१५ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला पार्कर कंपनी निघाली आणि बंदुकांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत हा काळा-करडा थर सगळीकडे पोचला. गिअरसाठी मँगनीज फॉस्फेट विशेष चांगलं, कारण नवे दात एकमेकांशी जुळेपर्यंत ते त्यांना ओरबाडू देत नाही.

आणि आपल्याकडे? दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उन्हापावसात उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० साली दाखवून दिलं, की गंजाच्या आत, धातूला लागून, फॉस्फेटचा एक पातळ थर तयार झालाय आणि तोच स्तंभाला राखतो. म्हणजे तोही वरून चकचकीत नाहीच!

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं सगळं मला त्या गिऱ्हाइकाला सांगता आलं असतं तर!"

असो. काळा गिअर आता माझ्या टेबलावर असतो. आठवणीनं तेलाचं बोट लावतो.